तळपायाखालचा कंप

बाईंनी सगळी नोकरी फळ्यासमोर उभं राहून गणित शिकवण्यात काढली. निवृत्तीनंतर एका सकाळी त्या पाण्याची बादली उचलायला वाकल्या आणि पाठीचा मणका दबला. पाळी गेल्यावर हाडं ठिसूळ होतात, असं डॉक्टरांनी सांगितलं. पण सांगितलं ते बाईंच्या नवऱ्याला. बाई शेजारच्याच खुर्चीत बसल्या होत्या.

"हिला हालचाल नकोच असते," नवरा म्हणाला.

सासूचं अंथरुण, मुलांची आजारपणं, दोन वेळचा स्वयंपाक आणि शाळा, सगळं बाईंनीच ओढलं होतं. त्यांनी दात आवळले. 

गोळ्यांच्या जोडीला कंपनाचा उपचार ठरला. दवाखान्याच्या मागच्या खोलीत वजनकाट्याहून थोडी मोठी अशी तीन थरथरणारी यंत्रं जमिनीवर मांडलेली होती. एकावर एक शिंपीण उभी असायची, दुसऱ्यावर एक निवृत्त नर्स.

"काकू, अनवाणी उभ्या राहा. गुडघे किंचित वाकवा," व्यायाम करून घेणारी मुलगी म्हणाली. "आणि दात आवळू नका हं, डोक्यात हादरे बसतील."

बारीक कंप पोटऱ्यांतून मांड्यांत आणि तिथून कमरेत चढायचा. पहिले काही दिवस बाईंना बरं वाटलं.

मग एकदा नवरा दारात येऊन उभा राहिला. "नुसतं उभं राहायलासुद्धा यांना यंत्र लागतं!" तो मोठ्यानं म्हणाला.

बाईंच्या तळपायाची आग मस्तकात गेली. यंत्राची घरघर वाढली. शेजारची दोन्हीही घरघरू लागली.

"कुणी वाढवलं हे?" मुलीनं धावत येऊन बटणं बंद केली. कंप थांबेना. तिनं भिंतीतल्या पिना उपसल्या. तरी थांबेना.

तेव्हा बाईंच्या लक्षात आलं. कंप खालून वर येत नव्हता. तो त्यांच्यातून खाली उतरत होता.

तिघी एकमेकींकडे पाहत राहिल्या. एकही खाली उतरली नाही.

"चल, आवर आता!" नवऱ्यानं चौकटीवर हात आपटला.

खडू मोडावा तसा आवाज झाला. तो आपल्या मनगटाकडे पाहतच राहिला. यंत्रं गप्प झाली.

पुढच्या तपासणीत बाईंची हाडं तरुणपणी असावीत तशी भरलेली निघाली. "इतकी सुधारणा मी कधी पाहिली नाही," डॉक्टर म्हणाले. याही वेळी नवऱ्यालाच. त्याचा हात प्लास्टरमध्ये होता.

घरी आल्यावर बाई म्हणाल्या, "उद्यापासून मी एकटी जाईन. तुम्ही येऊ नका. ऐका माझं."

"तुला एकटीला काय जमतंय?" तो म्हणाला आणि आलाच.

दवाखान्याच्या खोलीबाहेरच्या बाकावर शिंपिणीचा नवरा प्लास्टरातला पाय पसरून बसला होता. नर्सबाईंच्या नवऱ्याच्या मानेला पट्टा होता.

"काय झालं हो?" बाईंच्या नवऱ्यानं विचारलं.

"काही नाही. हाक मारायला मान वळवली, एवढंच."

बाईंनी ते ऐकलं. परत फिरावं असं क्षणभर वाटलं. मग त्यांनी चपला काढल्या.

आत मुलगी अजून आली नव्हती. पिना भिंतीतून काढलेल्याच होत्या. शिंपिणीनं आणि नर्सनं डोळे मिटले होते. बाई आपल्या जागेवर चढल्या आणि त्यांनी गुडघे किंचित वाकवले. यंत्रं घरघरू लागली.

बाहेर नवरा नुसता खोकला आणि त्याच्या बरगड्यांतून खडू मोडावेत तसा आवाज झाला. पुढचा श्वास मात्र त्याला घेता येईना.