बाजीनं बांधलेला हात

कापूरहोळच्या फाट्यावर येस्टीनं भोंगा वाजवला, अन् आमची शिवरे गावची मेंढरं बिथरून दुसऱ्याच कळपात घुसली. त्यात दोन्हीकडचे मेंढे एकमेकाला भिडले! मी आपली येडी, टकरीत हात घातला. उजव्या पंजाची हाडंच मोडली.

"रडू नगा... बघू द्या," म्हणत त्या कळपाचा मेंढका पुढं आला. नाव बाजी, वेल्ह्याकडचा. कोकराचा मोडका पाय बांधतात तसा त्येनं माझा पंजा बांबूच्या कामट्यांवर सरळ ताणून बांधला. बोटं किती हळू धरली हुती... मी दुखणं इसरून त्येच्या पापण्याच बघत बसले.

मेंढराच्या पायाला मूठ वळावी लागत न्हाई, ह्ये दोघांच्याबी ध्यानात आलं न्हाई.

कामट्या सोडल्या तवा हाडं वाकडी जुळलेली, बोटं ताठ. लोकर कातता येईना, भाकरी थापता येईना. पुण्याचे डॉक्टर म्हणाले, "ऑपरेशन करू. हाड पुन्हा मोडून, तार घालून सरळ बसवू. तार काढल्यावर बोटं वळवायची ती तूच. जमेलच, असं नाही सांगत."

घरी आल्यावर माझे आबा कावले. "सोजरे, तार घातलेली पोर कोण पत्करंल?"

"मी!" बाजी दारातनं बोलला. त्यो इचारपूस करायला आला हुता. "हाय त्या हातासकट. माझ्याच पायी झालं ह्ये."

माझ्या अंगाचा तिळपापड झाला. "भरपाई म्हून नवरी नेताय व्हय? तसली सोयरीक नगं मला. आदी हात!"

अन् म्या ऑपरेशन करून घेतलं.

तार निघाली, तरी बोटं हटून बसलेली. बाजी भोरच्या बाजाराला आला की आमच्याकडं यायचा, लोकरीचा गोळा फुडं धरायचा.

"दाबा."

"आई गं! डॉक्टर झालायसा जनू..."

"तुमच्यापुरता."

डोळ्यांत पाणी यायचं, पर म्या गोळा सोडला न्हाई. एक दिस बोटं वळली, तळव्याला टेकली. मूठ झाली! म्या त्याच मुठीत बाजीची बंडी गच्च धरली.

"झाली तुमची भरपाई. मोकळं झालासा. जावा आता!"

"भरपाई कसली... फाट्यावरच जीव जडला हुता तुमच्यावर. त्ये बोलायला जीभ रेटंना, म्हून भलतंच बोललो." त्यो लाजून हासला. "जातो म्हनलं, तरी बंडी सोडाल तवा ना?"

"न्हाई सोडत," मी म्हनले.