शब्बाथच्या रात्री वाजलेला डफ

ही गोष्ट मला याको सारफातीने सांगितली. पोरांनो, याको थापा मारत नाही. थापा मारतो मी.

सात वर्षं झाली. नोव्हेंबरची नऊ तारीख, शुक्रवार. दिवस मावळला की आम्हा ज्यूंचा विश्रांतीचा दिवस, शब्बाथ, लागतो; त्यात वाद्य वाजवत नाहीत. त्याआधीच याको डफवाल्या जोया मावशीला आणायला निघाला. दुसऱ्या दिवशी त्याच्या मुलाची सुंता होती. आदल्या रात्री बाळंतिणीच्या खोलीत बायका जागतात, गातात, डफ वाजवतात. बाळ न्यायला येणारीला तो आवाज सोसत नाही, हे इथे इझमीरमध्ये कुणाला सांगायला नको. याकोच्या रेयनाची आधीची दोन्ही मुलं अशाच रात्री गेली होती.

मावशी आली, पण डफ खुंटीला टांगून बसली.

"मावशी, हे काय?"

"शब्बाथ लागला की रे! आज नुसता गळा. तुझं ते ऊद नावाचं तंतुवाद्यही पेटीत राहू दे, मोठा आलाय वाजवणारा!"

रात्री दोनपर्यंत गाणी चालली. मग एकेक बाई पेंगली, मावशीचाही आवाज बसला. खोली शांत झाली...

बाळाचा श्वास अडखळू लागला. ओठ निळे पडले.

याकोने डॉक्टरांना फोन लावला. जिवावर बेतलं तर शब्बाथ मोडावाच लागतो, त्यात वाद नाही. पण गाडी यायला वीस मिनिटं होती.

"मावशी, डफ घ्या," रेयना म्हणाली.

"पोरी, फोनचं वेगळं. डफ काय औषध आहे?"

"माझी दोन गेली हो..."

"सत्तर वर्षांत शब्बाथला मी डफाला हात लावला नाही."

याको म्हणाला, धर्मगुरूंना, रब्बींना विचारू. मावशी म्हणाली, ते आज फोन उचलतील होय? तो म्हणाला, मग पळत जातो. असं चाललं होतं. तेवढ्यात पाळणा हलला.

कुणी हलवला नव्हता.

रेयना उठली. डफ ओढून काढला. तिला ताल येत नव्हता. ती नुसती बडवत सुटली.

पाळणा थांबला.

हात थांबला, की पाळणा पुन्हा हलायचा. कुणी पाय धरून ओढावं तसं बाळ खाली सरकायचं... थोडं थोडं.

रेयनाची बोटं फुटली. डफावर रक्त आलं. "सोडा त्याला," ती पाळण्याकडे बघून ओरडत होती, "हे तरी सोडा..."

मावशी रडत पुढे आली. "दे इकडे. पाप मला लागू दे."

डॉक्टर आले तेव्हाही मावशी वाजवतच होती. त्यांनी छाती तपासली. बाळ ठणठणीत. "लग्न आहे का घरात?" म्हणाले आणि गेले.

सकाळी सुंतेसाठी दुपटं सोडलं. बाळाच्या उजव्या पायावर चार बोटांचे निळे वळ होते. मावशीने ते पाहिले. "आपण भांडत होतो तेव्हा..." एवढंच बोलली.

मुलगा आता सात वर्षांचा आहे. भर उन्हाळ्यातही लांब मोजे घालतो. मी पाहिलेत ते वळ. टाचेपासून निघतात, पायाला वेढा घालतात... आणि गुडघ्याच्या वर जाऊन संपतात.

पाय वाढला, तसे तेही वाढलेत.