चार वाजताची नाडी

देवापुढे दिवा लावल्याशिवाय मी आजही तोंडात पाणी घेत नाही. या वयात खोटं लिहून मला काय मिळवायचंय? हे माझ्याच हातून घडलंय.

साल १९६२. श्रावणातला दुसरा सोमवार. नेरकडे जाणाऱ्या रस्त्यावरचं एक लहानसं इस्पितळ. गावाचं नाव नाही सांगत.

नागपूरहून नर्सिंगची परीक्षा पास होऊन मी तिथे आले, त्याला नऊच दिवस झाले होते. शिकत असताना मागे सिस्टर उभी असायची. चुकलं की लगेच हात धरायची. इथे बायकांचा सहा खाटांचा वॉर्ड, आया शकुबाई आणि मी.

मागे कुणीच नाही.

चौथ्या खाटेवर बिजलीबाई होती. तांड्यावर बाळंत झाली, अंगावरून फार जाऊ लागलं, म्हणून नवऱ्याने, नेमसिंगने, बैलगाडीतून आणलेली. दोन दिवसांत चांगली सावरली होती. मनगटापासून कोपरापर्यंत बांगड्या. नाडी बघायची तर आधी त्या वर सरकवाव्या लागत.

"बाई, कितीक वेळ हात धरता? माहा नवरा बी येवढा नाही धरत!" म्हणून ती हसायची.

दर चार तासांनी नाडी मोजून तक्त्यावर लिहायची. बाराला चौऱ्याऐंशी भरली होती.

चारला ती भिंतीकडे तोंड करून निजलेली. पांघरूण गळ्यापर्यंत. माझा सोमवारचा उपास. खोलीवर जाऊन अंघोळ करायची, महादेवाला बेल वाहायचा... सगळं चित्त तिकडे.

"बाई, थे काही बरी नाही दिसत मले," शकुबाई म्हणाली. "तोंड पाहा ना, कसं पांढरं पडलं."

"झोपू द्या हो तिला."

आणि मी तक्त्यावर लिहिलं, चौऱ्याऐंशी.

हात न लावता.

खोलीवर अंघोळ-पूजा आटोपून सहाला परत आले तेव्हा डॉक्टर तिच्या खाटेशी उभे होते. पांघरूण बाजूला केलेलं. गादी रक्ताने भिजून खाली फरशीवर ठिबकत होती.

टप्... टप्...

बिजलीबाई गेली होती.

डॉक्टरांनी तक्ता पाहिला. "चारला नाडी ठीक आहे. म्हणजे त्यानंतर झालं हे. वॉर्डात कोण होतं?"

शकुबाई होती.

"साहेब, म्या बाईले सांगतलं होतं..."

"सिस्टर, चारला तुम्ही स्वतः पाहिलंत ना?"

मी म्हटलं, "हो."

शकुबाई माझ्याकडे बघतच राहिली. दुसऱ्या दिवशी तिला कामावरून काढलं.

त्या संध्याकाळी नेमसिंग दाराशी उभा होता. बाळ नेमसिंगच्या आईजवळ रडत होतं. "बाई, चारले ठीक होती ना थे?"

त्यालाही मी हो म्हटलं.

दुसऱ्या दिवशी दुपारचे चार. चौथी खाट रिकामी. मी पहिल्या खाटेवरच्या बाईचं मनगट धरलं, आणि...

बांगड्या वाजल्या.

हळूच. कुणी एकेक वर सरकवावी तशा.

मी मोजत असेपर्यंत आवाज बंद. हात सोडला की पुन्हा सुरू.

असं रोज होऊ लागलं. मी जप करत वॉर्डात फिरायची. कुणाला सांगणार?

मग इंदुताई नावाची बाई तिसऱ्या खाटेवर आली. नुकतीच आलेली, तिला मागचं काहीच माहीत नव्हतं. चारला तिची नाडी पाहून मी वळले, तर ती म्हणाली,

"अवं बाई, हिची काहून नाही पाह्यत? कव्हाची हात भाईर काढून बसली हाये बिचारी..."

तिने बोट दाखवलं.

रिकाम्या खाटेकडे.

मी तिथे गेले. का गेले, माहीत नाही. हवेत हात पुढे केला. बोटांना गार काहीतरी लागलं. घड्याळ बघत पुरा एक मिनिट उभी राहिले.

एकही ठोका नाही.

दुसऱ्याच सकाळी मी शकुबाईचं घर गाठलं. ती अंगणात तूर पाखडत होती. मी तिच्या पायांशी बसले आणि सगळं सांगितलं. तिने सूप खाली ठेवलं नाही.

"मले कायले सांगता? मले तं माहीतच होतं. डॉक्टरले सांगा. त्या नेमसिंगले सांगा."

"माझी नोकरी जाईल, शकुबाई."

"माही गेली ना."

तिने पुन्हा पाखडायला घेतलं. मग माझ्या खांद्यावरून फाटकाकडे पाहून म्हणाली,

"अन् तिले कायले उन्हात उभी केली? घ्या ना आत."

मी मागे वळून पाहिलं नाही.

"कोण आहे, शकुबाई?"

"तुमच्याच संगं आली ना थे..."

डॉक्टरांना मी कधीच सांगितलं नाही. महिन्याभरात बदली मागून घेतली. दोन-तीन वर्षांनी एकदा नेमसिंगच्या तांड्याच्या वाटेपर्यंत गेले होते. दुरून एक लहान पोर खेळताना दिसलं.

तिथूनच परत फिरले.

परत येताना वाटभर माझ्या पावलांमागे आणखी पावलं वाजत होती... अनवाणी.