मागच्या डाव्या जागेचं वजन

"बोल्ट हवेत कसले का नाई, तेवढंच सांग!"

"वैनी, आजकाल रबरच हलकं येते..."

"रबराले काऊन दोष देतं? माझ्याकडं पाहून बोल."

बंडूजी ही गोष्ट नेहमी अशी मधूनच उचलतात. काल रात्री जाम गावच्या चौकात वीज गेली, पोरं भोवती बसली, तेव्हाही तशीच. रुपेश हसला तर म्हणाले, "हास. पण नत्थू मिस्त्री माझा साडभाऊ हाये. खोटं बोलाले डोकं लागते, ते नाई त्याच्यापाशी."

तारीख त्यांना पाठ. बारा डिसेंबर दोन हजार तेवीस, मंगळवार, अमावस्या, पावणेआठ वाजलेले. सुलोचनाबाई सिंदी मेघेहून नत्थूच्या गॅरेजात आल्या होत्या. पंचवीस वर्षांची पांढरी गाडी, आणि मागच्या डाव्या चाकाकडून खडखड. महिन्यापूर्वीच टाकलेला बुश फाटला होता.

बुश म्हणजे चाक धरणाऱ्या दांडीच्या टोकातलं रबर. गाडी जॅकवर असली की चाक लोंबतं. तशात, म्हणजे हवेतच, बोल्ट कसला, तर गाडी खाली आल्यावर रबर पिळलं जातं आणि फाटतं. म्हणून गाडी चाकांवर उभी करायची, मागं माणूस बसवायचा, मगच शेवटचा पाना. वीस वर्षं हा माणूस म्हणजे बाईंचे यजमान, रत्नदीपसाहेब. मागच्या डाव्या जागेवर पेपर घेऊन बसायचे. "कस रे माझ्या वजनावर." नव्वद किलोंचा देह. चाकावरची चार बोटांची फट दोनावर यायची.

मग किडन्या गेल्या. दोन वर्षं बाईंनी त्यांना त्याच जागेवर बसवून दवाखान्यात नेलं-आणलं. शेवटी चाळीस किलो उरले. ते बसले तरी गाडीला कळत नसे. ऑक्टोबरात गेले. नोव्हेंबरात, त्यांच्या पुण्यानुमोदनाच्या कार्यक्रमाच्या आदल्या दिवशी, गाडी बुश टाकायला नत्थूकडे आली, तेव्हा मागं बसायला कोणी नव्हतं.

बाई रडल्या नाहीत. तेव्हा नाही, नंतरही नाही. जेवत, झोपत, गाडी पुसत.

"हवेतच कसले," नत्थू अखेर बोलला. "चुकलो."

"त्यांचं एवढंच राह्यलं माझ्यापाशी. आणि तू त्याच्यातही घाई केली! पुन्हा फाटलं तर तुझ्या दारात पाय ठेवणार नाई."

नत्थूनं नवा बुश बसवला. गाडी चाकांवर घेतली. सव्वानऊला तो गाडीखालच्या खड्ड्यात उतरला.

"वैनी, मागं बसा."

"ती जागा त्यांची. मी बसत नाई."

"मग पोतं ठेवू का?"

"त्यांच्या जागेवर पोतं?"

"मग कोण बसन? भूत?"

"भूतबीत आमच्या घरी मानत नाई. तू तुझं काम पाह्य."

खड्ड्यातून नत्थूला बाईंच्या पायातल्या चपला दिसत होत्या. गाडीपासून चार हात लांब.

वरची स्प्रिंग कुरकुरली.

गाडी खाली आली. हळूहळू. डावीकडून.

"बसलात का, वैनी?"

चपला तिथंच होत्या.

नत्थूनं चाकावरच्या फटीत हात घातला. दोन बोटं...

बंडूजी थांबले. रुपेशनं मोबाइल कधीच खिशात टाकला होता.

"ती गाडी आजही सिंदी मेघेत दारापुढं उभी हाये. खडखड नाई. अलाइनमेंटच्या मशीनवर नेली, चाकं एका सुतात, सरळ. पण रिकामी असताना मी स्वतः बोटं घालून पाह्यली. उजवीकडं चार. डावीकडं दोनच."

"आणि भांडण?" अश्विननं हळूच विचारलं.

"ते तिथंच मिटलं ना. नत्थूनं पाना बोल्टवरून काढला. खालूनच ओरडला, कसू कसा, वर तर कोणी नाई! बाई पुढं आल्या. मागच्या काचेतून आत एकदा पाह्यलं. डोळे कोरडेच. मग खड्ड्याकडं वाकल्या."

बंडूजींनी गळ्यातला दुपट्टा सारखा केला.

"म्हणाल्या, 'कस आता, नत्थू. बरे होऊन आले ते.'"