वरच्या विटेचं लिंपण

"फौजदारकाका, आधी इकडे या. ताई मला घालवून देतायत."

फोन धाकटीचा होता. निवृत्त फौजदार हातातला पेपर तसाच टाकून निघाले. दोघी जावांचा कुंभारकामाचा कारखाना चार घरं पलीकडे होता. निवृत्तीनंतर ते तिथे चाकावर बसायला शिकत होते. त्यांचं एकही भांडं अजून सरळ उभं राहिलं नव्हतं. उभ्या जन्मात आपण एक तरी गुन्हा धड सोडवला का, अशी शंकाही त्यांना अधूनमधून येई.

भट्टीचं तोंड अर्धं उघडलं होतं. आत मोठा रांजण गळ्यापासून बुडापर्यंत दुभंगला होता. थोरलीच्या नवऱ्याने चाकावरून उतरवलेलं ते शेवटचं भांडं. तो गेल्यापासून थोरली त्याला कुणाला हात लावू देत नव्हती. आता कुठे तिने धाकटीला झिलई चढवू दिली होती.

"हिने घाईने आच चढवली," थोरली म्हणाली. तिचा आवाज कोरडा होता. "ओल राहिली असणार. माझ्या माणसाची शेवटची खूण गेली. उद्यापासून ही इथे नको."

सवयीने तिने फौजदारांच्या हातात चहाचा कप दिला. कपाच्या कानाचं खालचं टोक अंगठ्याने दाबून गोल फिरवलेलं. तिच्या प्रत्येक कपाची ती सही. चहा संपवून फौजदार भट्टीत वाकले. तड्यावरून बोट फिरवलं आणि "स्स" करून मागे घेतलं. रक्त आलं होतं.

धाकटी चिंधी घेऊन धावली. ती बांधून घेता घेता त्यांनी विचारलं, "भट्टीचं तोंड कुणी बंद केलं?"

"मीच. विटा रचल्या, सांधे लाकडी पट्टीने लिंपले. माझं लिंपण म्हणजे चिखल फेकल्यासारखं. ताई नेहमी हसतात."

"आणि आग बंद केल्यावर?"

"दोन दिवस निवू द्यायची होती. काल मी आईकडे होते. आज सकाळी ताईंनी आणि मी मिळून विटा उतरवल्या."

दारात धाकटीचा नवरा उभा होता. फौजदार त्याच्याकडे वळले.

"किल्ली कुणाकुणाकडे?"

"आम्हा तिघांकडे."

"काल आला होतास?"

"सकाळी आलो होतो, शेड मोजायला. मला गोदामाला हवी आहे. लपवायचं काय त्यात?"

"बायकोचं काम गेलं तर तुझं फावेल."

"गोदाम मिळेल काका, जेवण मिळणार नाही. आणि त्या भट्टीला तोंड कुठे नि पाठ कुठे, देव जाणे!"

उतरवलेल्या विटा भिंतीशी ओळीने मांडल्या होत्या. फौजदार उकिडवे बसले. एकेक वीट उलटसुलट करत बराच वेळ बसले. मग दोन विटांच्या आतल्या टोकाची माती खरवडून त्यांनी दोन कपांतल्या पाण्यात टाकली. एक ढेकूळ खड्यासारखं पडून राहिलं. दुसरं हळूहळू विरघळलं. पाणी गढूळ झालं.

"बाई," ते थोरलीला म्हणाले, "मी चुकत असेन तर थांबवा. मी पुष्कळदा चुकतो."

त्यांनी चिंधी बांधलेलं बोट वर केलं.

"तुम्हीच शिकवलंत मला. आच चढताना तडा गेला तर झिलई त्यानंतर वितळते, कडा गोल होतात. निवताना गेला तर कडा पात्यासारख्या राहतात. माझं बोट पाहा. म्हणजे हिची आच बरोबर होती. गरम भट्टीत गार वारा शिरला."

"मग कुणीतरी उघडली?" धाकटी पुटपुटली.

"एकच वीट काढली, सगळ्यात वरची. बाकीच्या विटांची आतली माती भाजून दगड झाली आहे. या विटेची पाण्यात विरघळली, कारण ती आग बंद झाल्यावर लावली. वाईट करायचं असतं तर वीट काढून फेकली असती. काढणाऱ्याने पुन्हा बसवली, सांधा लिंपला. भट्टीची माया असलेलं माणूस."

त्यांनी वीट उजेडात धरली. बाहेरचं लिंपण गुळगुळीत होतं आणि शेवटी अंगठा दाबून गोल फिरवला होता.

"हात ऐकत नाही, बाई. चोरी करतानाही काम नीटच करतो."

थोरली स्टुलावर बसली.

"काल दुपारी," ती म्हणाली. "जगाला धीर शिकवते मी. एकदा बघू दे म्हटलं, नुसतं बघू दे. वीट काढली, आणि टण्‌ असा आवाज आला."

"मग हिच्यावर का ढकललंत?"

"ढकलणार नव्हते हो. सकाळी सांगणारच होते. भट्टी उघडली आणि हीच रडवेली होऊन म्हणाली, 'ताई, माझं काही चुकलं का?' माझ्या तोंडून हो निघून गेलं."

धाकटीने हत्यारांची पिशवी खांद्याला अडकवलेलीच होती. नवरा म्हणाला, "चल घरी." ती हलली नाही.

"ताई, तडा जायच्या आधी रांजण दिसला तुम्हाला?"

"दिसला."

"कसा होता?"

थोरली भट्टीकडे वळली. "लालबुंद," ती म्हणाली. "आतून दिवा लावल्यासारखा. तुझी झिलई गळ्यापाशी काचेसारखी ओघळून थांबली होती. यांना आवडला असता."

धाकटी तशीच उभी राहिली. मग पिशवी खांद्यावरच ठेवून ती स्टुलाजवळ आली.

"अजून सांगा," ती म्हणाली. "सगळं सांगा. तुमच्याशिवाय कुणी पाहिलेलाच नाही तो."