कुणाची हरकत?

भिंगारच्या दगडी चर्चमध्ये करणने हात वर केला, तो फोटोची परवानगी मागायला. पण वेळ अशी साधली की काय सांगावं. पाळकसाहेब जास्मिनच्या लग्नाची सूचना वाचत होते. लग्नाआधी तीन रविवार नावं वाचायची आणि कुणाची हरकत आहे का विचारायचं, ही तिथली रीत. विचारायचं म्हणून विचारतात. हात वर केलेला कुणाला आठवत नव्हता.

जास्मिनच्या आईने बाक धरला. ऑर्गनवर बसलेल्या लिडियाला असं हसू फुटलं की तिचं कोपर पट्ट्यांवर पडलं आणि ऑर्गनने भोंगा वाजवला.

"काय... हरकत आहे?" पाळकसाहेबांनी विचारलं.

"हरकत नाही... म्हणजे तुमची नसेल तर, खिडक्यांचे फोटो काढू का?"

"नाही," पुढच्या बाकावरून अब्राहाम सर म्हणाले. ते मंडळीचे पंच, निवृत्त हेडमास्तर, आणि लिडियाचे वडील.

उपासना संपल्यावर करण लिंबाखाली उभा राहून येईल त्याची माफी मागत होता. जास्मिनच्या आजीची तर दोनदा मागून झाली.

"नगर बघायला आलात की लग्न मोडायला?" लिडियाने विचारलं.

"बघायला. नाशिकहून. जुन्या इमारतींचं वेड आहे हो. किल्ला झाला, आता चांदबिबीचा महाल."

"तो चांदबिबीचा नाहीच. सलाबतखानाची कबर आहे ती."

"मग सगळे तसं का म्हणतात?"

"आम्हा नगरकरांना चांदबिबी आवडते. आवडत्या माणसाच्या नावावर आम्ही सगळं करून टाकतो." तिने स्कूटीची किल्ली काढली. "चला, दाखवते. नाहीतर वाटेत आणखी कुठे हात वर कराल."

डोंगरावर वारा म्हणजे नुसता धिंगाणा होता. तिची ओढणी आवरेना. करणचा कॅमेरा मात्र पिशवीतच.

"काढा की फोटो."

"विचारल्याशिवाय काढत नाही – आणि विचारलं की लोक घाबरतात."

लिडिया हसली, आणि तो ज्या तऱ्हेने बघत राहिला त्याने तिलाच ओढणीत तोंड लपवावंसं वाटलं.

त्यानंतर दर रविवारी नगरमधलं काही ना काही बघायचं राहिलेलं असे. फराहबाग, गोऱ्यांची जुनी कबरस्तानं, पुन्हा किल्ला. गावात बघण्यासारखं एवढं आहे हे गावालाही ठाऊक नव्हतं. फराहबागेच्या पायरीवर तो एकदा म्हणाला, "माझ्याकडे एक मोटरसायकल आहे, दोन कॅमेरे आहेत. सगळं... एका आवडत्या माणसाच्या नावावर करायचंय."

"पेट्रोल कोण भरणार?" लिडिया म्हणाली. तिला तो हवा होता, आणि तिने तसं सांगूनही टाकलं.

घरी अब्राहाम सरांनी सगळं ऐकून घेतलं. "पोरगा चांगला आहे. पण आपल्या धर्मातला नाही. तुझं नाव चर्चमध्ये वाचलं जाणार नाही, कचेरीतल्या भिंतीवर लागणार. ते मला सोसणार नाही." मग बोलणंच बंद. ताटावरही मीठ दे, एवढंच.

नोंदणी कार्यालयाच्या फळ्यावर दोघांची नोटीस लागली. महिनाभरात कुणाची हरकत असेल तर कळवावी. लिडियाने करणला स्पष्ट सांगितलं, "पप्पा शेवटपर्यंत नाहीच म्हणाले तर मी लग्नाची सही करणार नाही. तुझ्यावर जीव आहे, पण त्यांना असं सोडून मला सुखाने जगता येणार नाही." करणने मान हलवली. तो थांबायला तयार होता.

मुदतीच्या शेवटच्या दिवशी कुणाची हरकत आलीय का बघायला दोघं कार्यालयात गेले, तर फळ्यासमोर अब्राहाम सर उभे. चर्चला घालायचा कोट, चष्मा नाकावर, नोटीस ओळ न् ओळ वाचत.

"माझी हरकत आहे," सर वळून म्हणाले.

"कोणती, सर?" करणने विचारलं.

"सह्या करून परस्पर नाशिकला पळायचं नाही. आधी चर्चला यायचं. पाळकसाहेब प्रार्थना करतील, मी बोललोय त्यांच्याशी. आणि त्या खिडक्यांचे फोटो राहिलेत ना तुमचे?"

लिडियाला रडू आवरेना. तिने भर कार्यालयात पप्पांच्या कोटात तोंड खुपसलं.

करणने हळूच हात वर केला.

"आता काय?" सर म्हणाले.

"विचारतोय... तुम्हा दोघांचा एक काढू का?"

सरांनी चष्मा पुसला, कॉलर सारखी केली आणि म्हणाले, "काढा."