एक जागा, दोन डॉक्टर

डेंटल कॉलेजात मुलाखतीच्या खोलीबाहेर एकच बाक होता, आणि त्यावर तो गाल धरून बसला होता.

"तार टोचतेय," तो कसाबसा म्हणाला. "आणि आता माझाच नंबर..."

दात सरळ करणारा डॉक्टर, अन् स्वतःच्याच दातांवर तारा! मला हसू आवरेना.

"हसा! लहानपणी राहून गेलं."

"आ करा." मी हात स्वच्छ करून पर्समधलं, पेशंटच्या टोचणाऱ्या तारांना लावायचं मेण काढलं आणि तारेच्या टोकावर दाबून बसवलं.

"जागा एकच आहे, डॉक्टर. मला मदत करताय?"

"गाल धरून बसलेल्याला हरवण्यात काय मजा?"

तो हसला. वरची ओळ सुरेख, खालचा एक सुळा किंचित वळलेला... मी आपली बघतच राहिले.

पण जागा मला हवीच होती. आधी बीडीएस, मग एमडीएस. बरोबरच्या मैत्रिणी कधीच्या कमावत्या झाल्या. "मुलगी अजून शिकतेच का हो?" असं कुणी विचारलं की बाबा हसून वेळ मारून नेत. ते हसणं मला फार लागायचं. इथे पगार चांगला होता, पुढे विभागप्रमुख होण्याची वाटही होती.

दुसरी फेरी प्रात्यक्षिकाची. प्लास्टरच्या दातांवर बसेल अशी तार वाकवायची. सगळे टोपी-मास्कमध्ये. सुरू व्हायला अवकाश होता, तेवढ्यात शेजारच्या उंच उमेदवारानं हळूच विचारलं, "धास्ती कुणाची वाटते?"

"त्या तारावाल्याची. शिवाय... दिसायलाही बरा आहे मेला."

"हो का? डोळे कसे आहेत त्याचे?"

"डोळे कुठे पाहिले मी? दात पाहिले."

त्यानं मास्क खाली केला. तोच वळलेला सुळा! आमच्या धंद्यात माणसाचा चेहरा राहूनच जातो, दुसरं काय. माझे कान तापले.

पण पक्कड हातात घेतली आणि सगळं विसरले. माझी तार परीक्षकांनी काचेवर ठेवली. ती सपाट बसली, कुठेच डुगडुगली नाही. त्याची एका कोपऱ्यात जराशी हलली.

निकाल लागला. जागा माझी!

जिन्यात येऊन मी फोन लावला. "बाबा, नोकरी लागली!"

"अगं, ऐकलंस का?" ते आईला ओरडून सांगू लागले. आवाज भरून आला होता त्यांचा. मीही रडत होते, आणि समोर तो उभा होता.

"वाईट वाटलं?" मी फोन खाली घेत विचारलं.

"वाटलं की. पण तुमची तार पाहिली मी. जागा तुमचीच होती. मी आता स्वतःचं क्लिनिक टाकतो... आणि हो— तुम्ही मला आवडता. फार."

मी आज जिंकले होते. लाजायला वेळ कुणाला होता?

"मलाही तुम्ही आवडता," मी चांगलं खणखणीत सांगितलं.

हातातला फोन मात्र चालूच होता. आतून बाबांचा आवाज आला, "डॉक्टरीणबाई, त्यांना जेवायला घरी घेऊन या!"